नाव ठेवणं आणि नावं ठेवणं



एका टिंबाने आपल्या भाषेत केवढा घोटाळा होतो पाहा! नाव ठेवायला आत्याबाई लागते. नावं ठेवायला मात्र कुणीही चालते. गेल्या श्रावणात मी हे दुसरं काम केलं, आणि तेही एका जिवलग मैत्रिणीच्या लेकीच्या बाबतीत. ते अजून मनातून जात नाही. म्हणून या खेपेला पापड-कुरडयांचं राहू द्या, हेच ऐका.

आम्ही दोघी कॉलेजापासूनच्या. लग्नं होऊन दोघीही सीताबर्डीतच आलो. तिचं घर मेन रोडच्या मागल्या गल्लीत, माझं जरा पुढे. तिला बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. सहाव्या दिवशी तिचा फोन आला. मी नुकतीच शाळेतून आलेली, कुकर चढवलेला, मेथी निवडायची पडलेली.

"ऐक ना," ती म्हणाली, "यमुना ठेवायचं म्हणते. कसं वाटतं? खरं खरं सांग हं."

आता "खरं सांग" म्हटलं की माझ्यातली बाई जागी होते, बाई म्हणजे शाळेतली! म्हटलं, "यमुना? अगं, काठी टेकत येणाऱ्या आजीबाईंचं नाव वाटतं! वर्गात पोरं यमी-यमी करून रडवतील तिला. मी रोज पाहते ना!" वर हसलेसुद्धा. तिकडून नुसतं "हं" आलं. मग कुकरची शिट्टी झाली, तिची पोर रडायला लागली, आणि फोन राहिला.

बाराव्या दिवशी बारशाला गेले. बर्डीवरूनच कुंची आणि चांदीचे वाळे घेतले होते. पाळणा झेंडूने सजवलेला, आणि मागे भिंतीवर फुलांच्या अक्षरांत नाव होतं 'अन्वी'. आत्याबाईंनी वाकून कानात कुर्रर्र केलं, बायकांनी हौसेने त्यांच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. मला आपलं बरं वाटलं. म्हटलं, ऐकलं हो आपलं!

जेवणं झाल्यावर मैत्रिणीच्या आईजवळ टेकले. त्या वऱ्हाडातल्या, बोलणं मोकळं. म्हणाल्या, "नाव चांगलं आहे वो, काही वाईट नाही. पण पोरीच्या मनात यमुना होतं. माह्या मायचं माहेरचं नाव होतं ते. लग्नात बदललं. मंग साठ वर्सं कोनी तिले त्या नावानं हाक नाही मारली. शेवटी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं नाव विचारलं, त माय म्हने, यमुना. आमाले वाटलं, भरमली. हे पोरगी तवा कॉलेजात होती, तिच्यापाशीच बसून होती. ते म्हने, आई, आजी बरोबर सांगून राह्यली."

मला घुगऱ्या गिळवेनात. आपण एका नावाला हसलो असं मला वाटत होतं. हसलो कशाला, ते त्या दिवशी कळलं.

आणि मी तरी हसावं? माझंही नाव बदललेलंच आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव ह्यांनी दाखवलं, सगळ्यांनी वाहवा केली, मीही लाजून मान खाली घातली. नाव सुरेख आहे, तक्रार नाही. पण बीएची पदवी एका नावाची, रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं. शाळेत अर्ध्या वेळेची नोकरी धरायची वेळ आली तेव्हा 'या दोघी एकच' हे पटवून द्यायला प्रतिज्ञापत्र काय, राजपत्रातली जाहिरात काय! (लग्न ठरलेल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. सासरच्यांनी लाडाचं नाव ठेवावं, घरात हाक मारावी. कागदावर मात्र आपलं आहे तेच राहू द्यावं.)

आपल्याकडे हे किती जणींचं झालं, मोजायला बसलं तर रात्र पुरायची नाही. पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी घ्या. १८६५ सालचा जन्म, १८८६ साली अमेरिकेत पदवी. माहेरचं नाव काय? यमुना! आणि पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे? त्याही माहेरी यमुनाच. दोन यमुना, दोघींनी इतिहासात नाव काढलं, पण ते सासरचं. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. आणि लांब कशाला, आपल्या बर्डीला लागून झाशी राणी चौक आहे, मेट्रोचं स्थानकही त्याच नावाचं. ती घोड्यावरची राणीसुद्धा मूळची मणिकर्णिका. आपल्या गावाचं नाव तरी काय? शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोघा भावांवरून शीतलाबद्री, आणि त्याची पुढे सीताबर्डी झाली, असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे इथे दोन भावांचं नाव पुसून सीतेचं झालं. कुठे तरी फिटंफाट!

थट्टा सोडा. नावात काय असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी साताऱ्याचं आठवावं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे २८५ मुलींची नावं एका समारंभात बदलली. या सगळ्या नकुशा होत्या. नकोशी झालेली मुलगी, म्हणून नाव नकुशा! शाळेच्या पटावर रोज तेच नाव पुकारलं जायचं, आणि त्या पोरी "हजर" म्हणायच्या. मी शिक्षिका आहे, म्हणून मला तो "हजर" फार लागतो. नवं नाव घेऊन त्या मुली घरी गेल्या असतील तेव्हा हाक मारणाऱ्यांच्या तोंडी ते बसायला किती दिवस लागले असतील, असं मनात येतं.

तर त्या बारशानंतर आठवड्याने मी डिंकाचे लाडू घेऊन मैत्रिणीकडे गेले. म्हटलं, "मी उगाच बोलले गं."

ती म्हणाली, "तू एकटी नव्हतीस. सासूबाई म्हणाल्या, पोरीला नदीचं नाव नको. नणंदबाई म्हणाल्या, पाळण्यापाशी चारचौघींत हे नाव सांगायला मला कसंतरीच होईल. ह्यांचं काही नव्हतं. पण तू शाळेत आहेस ना, तुझं ऐकल्यावर मला वाटलं, आपली हौस आणि पोरीला त्रास."

सासूबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही बरं का. नदीचं, झाडाचं, नक्षत्राचं नाव असलेली मुलगी करू नये, असं मनुस्मृतीत सांगितलेलं आहेच. पण आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी त्याला कुठे भीक घातली! घरोघरी गंगा, गोदा, कृष्णा, तुळसा आणि रोहिणी नांदल्याच की.

मला लागलं ते "तू शाळेत आहेस ना" हे. कारण खरं सांगू? माझ्या वर्गात यमुना नावाची मुलगी आजवर एकदाही आलेली नाही. मग यमी म्हणून रडलेली मी पाहिली कुठे? यंदा माझ्या वर्गात आरोही तीन आहेत. त्यांतल्या एकीला पोरं "तीन नंबर" म्हणतात आणि ती रडते. चिडवणाऱ्याला नाव लागत नाही, निमित्त लागतं. हे मला ठाऊक होतं. फोनवर आठवलं नाही एवढंच.

आता तुम्ही विचाराल, मैत्रिणीने विचारलं तर मग बोलायचंच नाही का? बोलावं की. दोन नावांत अडली असेल तर जरूर बोलावं. आडनावाबरोबर म्हणून पाहा, इंग्रजी अक्षरांत लिहून पाहा, नागपुरात निम्मं जग हिंदी बोलतं तर त्या कानाला कसं लागतं ते पाहा. अर्थ शब्दकोशात पाहायला सांगा. मोबाइलवरच्या याद्यांत वाटेल त्या शब्दाचा अर्थ 'देवी लक्ष्मी' दिलेला असतो. (पण अर्थाचंही फार मनावर घेऊ नये. अनामिका म्हणजे जिला नावच नाही ती, आणि किती गोड नाव आहे!) पण एकच नाव घेऊन ती आली असेल, तर आधी एवढंच विचारावं, "कुठून सुचलं गं?" हा एक प्रश्न मी विचारला असता तर पुढचं रामायण झालं नसतं.

त्या दिवशी उठता उठता मी विचारलं, "जन्माच्या नोंदीत नाव घातलंस का?" म्हणाली, "छे, रकाना कोराच आहे. नुसती नोंद झाली." हे पुष्कळजणींना माहीत नसतं. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. वर्षभरात ते फुकट घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. एकदा घातलं की मात्र बदलणं जिकिरीचं. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागायचा आहे, तेव्हा घाई नको. आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, आपल्या राज्याच्या सरकारी कागदांवर, मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. मी तिला म्हटलं, "म्हणजे तुझं नाव तिच्या नावाला चिकटून येणार. आता काय ते तूच ठरव."

ती काही बोलली नाही. लाडू मात्र दोन खाल्ले.

मग दिवाळी गेली, संक्रांत गेली. परवा तिचा फोन आला. मी पुन्हा कुकरजवळच!

"महानगरपालिकेत जाऊन आले. यमुना घातलं. विचारायला नाही, सांगायला फोन केलाय."

"आणि सासूबाई?"

"त्या अन्वीच म्हणतात. आई यमुना म्हणते. पोरगी दोघींकडेही वळून बघते."