आवळावे किती?

माझ्या वडिलांनी १९८९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही मुलुंडला आमच्या इमारतीच्या आवारात उभी असते. गेल्या मे महिन्यात इंजिन तापले की जळक्या तेलाचा वास येऊ लागला. बॉनेट उघडून पाहिले, तर इंजिनाच्या माथ्यावरील पत्र्याच्या झाकणाखालून तेल झिरपत होते आणि त्याचे थेंब एक्झॉस्टच्या तापलेल्या भागावर पडत होते. शेजारचा नववीतला मुलगा पाहत उभा होता. तो लगेच म्हणाला, "काका, नट जरा कसून आवळा ना!"

विद्यार्थी मित्रांनो, हा सल्ला मोठी माणसेही देतात. मला मात्र तो साफ चुकीचा वाटतो, आणि त्यामागे थोडे पदार्थविज्ञान आहे.

आधी गाडीची ओळख. मुलुंडहून दादरच्या दिशेने निघालो की घाटकोपरच्या पुढे कुर्ला लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. फियाट ११०० या इटालियन गाडीवरून घडवलेली पद्मिनी तिथेच तयार होई. आता तो कारखाना नाही. प्रीमियर रोड हे नाव तेवढे उरले आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. खासगी गाडी मात्र पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करून चालवता येते, म्हणून आमची अजून आहे.

तिच्या १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात चार सिलिंडर आणि आठ झडपा आहेत. झडपांना दाबणारे रॉकर त्या झाकणाखाली टकटक करीत असतात आणि त्यांच्यावर सतत तेल उडत असते. गॅरेजमध्ये या झाकणाला टॅपेट कव्हर म्हणतात. गंमत अशी की या इंजिनातले खरे टॅपेट खाली, कॅमजवळ असतात. पण टॅपेटची फट वरून जुळवतात, म्हणून नाव वरच्या झाकणाला चिकटले. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाच्या लाकडाची पट्टी असते. तेच पॅकिंग.

आता विचार करा. या पॅकिंगला अडवायचे काय आहे? सिलिंडरमधला स्फोटाचा दाब नव्हे. ते काम खालच्या हेड गॅस्केटचे. झाकणाखालचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या आसपासच असतो. पॅकिंगने फक्त दोन पृष्ठभागांमधले बारीक खाचखळगे भरायचे. मात्र ते सगळीकडे सारखे भरले पाहिजेत, कारण अरुंद फटीतून द्रव वाहतो तेव्हा त्याचा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. फट दुप्पट झाली की गळती आठपट! त्यातून तापलेले तेल पातळ होते.

नट कसून आवळला की नटाजवळचा पत्रा खाली दबतो आणि दोन नटांमधला भाग कमानीसारखा उचलला जातो. म्हणजे एका जागी पॅकिंग चिरडते आणि दुसरीकडे फट वाढते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. कॉलेजात असताना याच गाडीचे हेच झाकण मी लांब पान्याने अंगात होते तेवढे बळ लावून आवळले होते. दुसऱ्या दिवशी गळती वाढली, आणि वडिलांनी तो पत्रा सपाट फरशीवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकून सरळ केला. त्या दिवशी ते माझ्याशी फार बोलले नाहीत.

दोष बुचाचाही नव्हता. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातल्या कप्प्यांना 'सेल' हे नाव दिले. त्या बंद कप्प्यांत हवा असते. म्हणून बूच दाबले तर रबरासारखे बाजूला फुगत नाही, आतल्या आत बसते आणि सोडल्यावर बरेचसे परत येते. स्थितिस्थापकतेचा नियमही याच हूकचा. पण त्या नियमाला मर्यादा आहे. फार दाबले की कप्प्यांच्या भिंती दुमडतात, आणि वर्षानुवर्षे उष्णता सोसलेले बूच तर कडक होऊन परत येणेच विसरते. आमचे पॅकिंग तसेच झाले होते. नखाने टोकरले तरी तुकडा पडे. त्याला आवळून काय मिळणार?

कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात नवे पॅकिंग मिळाले. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची तार काढली. झाकण उचलले आणि जुने बूच लाकडी पट्टीने खरवडले. त्याचा कण आत पडू नये म्हणून रॉकरवर स्वच्छ फडके पसरले होते. झाकणाची कड सपाट आहे ना, ते काचेवर ठेवून पाहिले. नवे पॅकिंग शेलॅकने फक्त झाकणाच्या बाजूला चिकटवले, म्हणजे पुढच्या वेळी ते झाकणाबरोबर उचलता येईल. मग पाना शेजारच्या मुलाच्या हाती दिला.

त्याने पाना टोकाला धरला. मी म्हटले, हिशेब कर. वीस सेंटिमीटरवर १०० न्यूटन बळ लावलेस तर आघूर्ण २० न्यूटन-मीटर. पाच सेंटिमीटरवर धरलास तर पाच. अशा झाकणाच्या नटांना थोडेच न्यूटन-मीटर पुरतात. त्याने पाना डोक्याजवळ धरला आणि नट आळीपाळीने, थोडे थोडे फिरवले. पुरे कधी झाले, हे त्याला मनगटातून कळले. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आघूर्णावर गुण असतात, पण 'पुरे' ओळखण्यावर एकही नाही. ही मला मोठी उणीव वाटते. मेकॅनिकने हे काम सहज केले असते, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर घरातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन एकदा तरी हे करू द्या, असा हट्ट धरा.

दहा मिनिटे इंजिन चालवले. झाकणाची कड बोटभरही ओली झाली नाही. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले. सकाळी त्यावर एक डाग होता. मुलाचा चेहरा उतरला. पण डाग इंजिनाखाली नव्हता, बराच मागे होता. तो गिअरबॉक्सचा निघाला. येत्या रविवारी तो पाहायचा आहे.