नामंजूर झालेल्या लाह्या

श्रावण लागला की परभणीच्या आमच्या जुन्या घराची आठवण येते, ती आवाजाने. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून लाह्या आदल्या दिवशीच फोडायच्या. त्यासाठी आई ज्वारीवर पाणी शिंपडून ती रात्रभर फडक्यात बांधून ठेवी. सकाळी तापल्या कढईत मूठभर दाणे पडले की तडतड सुरू होई आणि आम्ही भावंडे उडालेल्या लाह्या वेचायला धावत असू. उरलेल्या लाह्यांचे पीठ ताकात कालवले की दुपार भागे.

त्या शिंपडलेल्या पाण्याचे मर्म मला फार उशिरा कळले. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, कठीण टरफल तिला कोंडून धरते आणि सोसवेनासे झाले की दाणा फुटून फुलतो. मक्याची लाही, म्हणजे आपले पॉपकॉर्न, तीही अशीच फुटते. ओलावा साधारण १४ टक्के, उष्णता १८० अंश सेल्सिअसच्या आसपास. दोघी सख्ख्या बहिणीच म्हणा. मग एक मल्टिप्लेक्सच्या काचेमागे जाऊन बसली आणि दुसरी नागपंचमीपुरती उरली, हे कसे झाले?

चवीमुळे, असे कुणी म्हणाले तर मी मानणार नाही. मक्याची लाही फार जुनी. पेरूच्या किनाऱ्यावर सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीचे तिचे अवशेष सापडले आहेत. पण तिचे नशीब उघडले ते यंत्रामुळे. चार्ल्स क्रेटर्स यांनी १८९३च्या शिकागो प्रदर्शनात लाह्या फोडणारे वाफेचे यंत्र मांडले. पुढे १९३०च्या दशकातल्या मंदीत स्वस्त खाऊ म्हणून ती खपली आणि तिला दाराबाहेर ठेवणाऱ्या अमेरिकी चित्रपटगृहांनी आत घेतले. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली, मिठाई दुर्मिळ झाली आणि तिची चलती आणखी वाढली. यंत्र, भांडवल आणि गर्दीचे दार, तिन्ही तिला मिळाले.

आमच्या लाहीला ते मिळाले नाही, आणि त्यात माझाही हात आहे. १९९०च्या दशकात मी जिल्ह्यातल्या एका बँक शाखेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो. तापल्या वाळूत लोकांचे धान्य भाजून देणारी आणि मजुरीत पसाभर धान्य घेणारी एक भट्टीवाली आली. "साहेब, भट्टीवर पत्रे टाकायचेत, मोठी कढई घ्यायचीय."

"मावशी, तारण काय देता?"

"भट्टी हाय की!"

मी हसलो आणि अर्ज बाजूला ठेवला. त्याच महिन्यात एका टॉकीजच्या दारातल्या पॉपकॉर्न यंत्राचे कर्ज मी मंजूर केले. कोटेशन होते, जामीनदार होता. नियमाने मी कुठेच चुकलो नव्हतो. भट्टी मात्र दोन-तीन वर्षांत विझली.

पॉपकॉर्नवर माझा राग नाही. माझी नात ते आवडीने खाते, आणि स्वदेशीचा झेंडा लावावा तर ज्वारीही मूळची आफ्रिकेचीच. काळजी आहे ती बियाण्याची. लाहीला बारीक, कठीण दाण्याची ज्वारी लागते. भाकरीची टपोरी ज्वारी तशी फुलत नाही. खरिपात सोयाबीनने ज्वारीला मागे सारले. लाहीच्या ज्वारीला गिऱ्हाईकच नसेल तर ती पेरील कोण? परभणीत १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे, 'परभणी मोती'सारखे ज्वारीचे वाण तिथे निघाले. भारताच्याच प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले. भाषणे झाली, पण भाषणांनी वाण टिकत नाही. तो खाल्ला तरच टिकतो.

म्हणून वाचकहो, येत्या नागपंचमीची वाट न पाहता लाह्या घरात आणा. भट्टी असेल तर भट्टीवरून, नाहीतर एखाद्या बचत गटाकडून. बँकांनाही सबब उरलेली नाही; २०१५पासून बिनतारण मुद्रा कर्ज आहे. ती मावशी आता टेबलासमोर येणार नाही, पण तिची सून किंवा नात येईल. तेव्हा पलीकडच्या अधिकाऱ्याने कागद मागण्याआधी एकदा भट्टी पाहून यावी. मी गेलो नव्हतो.