रोजकीर्द आणि सर्व्हरची प्रत

रोजकीर्दीत त्या दिवसाचेच व्यवहार लिहिले जातात. वर्षभराची वही दररोज कोणी नव्याने उतरवीत नाही. पेढीच्या सर्व्हरवरील हिशेबाचा इन्क्रिमेंटल बॅकअप याच रीतीने चालतो. रविवारी संपूर्ण प्रत घ्यावयाची आणि पुढे रोज केवळ बदललेला भाग. वेळ वाचतो, जागाही वाचते. १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तयार केलेला ‘आरसिंक’ हा प्रोग्रॅम तर फाइलचे तुकडे पाडून दोन्ही संगणकांवरील तुकड्यांच्या खुणा ताडतो आणि न जुळणारे तुकडेच पाठवितो.

या काटकसरीची किंमत मात्र आहे. गुरुवारी सर्व्हर बंद पडला, तर रविवारची मूळ प्रत आणि त्यापुढील तीन दिवसांचे बदल क्रमाने लावावे लागतात. त्यांत मंगळवारची फाइल खराब निघाली, तर हिशेब सोमवारपर्यंतचाच हाती येतो. शिवाय एकच प्रत रोज अद्ययावत करीत राहिल्यास गुमास्त्याने चुकून बिघडविलेली फाइलही तितक्याच इमानाने प्रतीत उतरते. म्हणून तारीखवार जुन्या आवृत्त्या राखणे आवश्यक ठरते. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेले ‘गिट’ कोणता बदल, कोणी, केव्हा केला हे नोंदविते. सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलींसाठी ते उत्तम. चालू डेटाबेससाठी नव्हे. लिहिणे चालू असताना उचललेली डेटाबेसची फाइल अर्धवट असू शकते. त्यासाठी डेटाबेसच्याच सोयीने आधी डंप काढावा लागतो.

एवढे सारे ठाऊक असणाऱ्यांचेही काय होते, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी दिसले. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणे हाच गिटलॅब कंपनीचा व्यवसाय. रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटा पुसला. चूक क्षणात ध्यानी आली; तोवर सुमारे ३०० जीबी गेले होते. रोजच्या प्रती शोधल्या, तर ती जागा रिकामी! डंप काढणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा असल्याने रोज अपयशी ठरत होता आणि तसे कळविणारे ई-मेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. अखेर उपयोगी पडली ती सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीच्या निराळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत. मधल्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांची आणि ७०० नव्या खात्यांची नोंद नाहीशी झाली.

कंपनी म्हणून नोंदलेल्या पेढ्यांना संगणकीय वह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे ऑगस्ट २०२२ पासून बंधनकारक आहे. भागीदारी पेढ्यांना हा नियम लागू नाही. विजेचा झटका मात्र दोघांनाही सारखाच बसतो. पण नियम पाळला, एवढ्यावर पेढीच्या मालकाने निश्चिंत राहू नये. गिटलॅबमध्येही रोजची प्रत कागदोपत्री घेतली जातच होती.

बँकेत तिजोरीतील रोकड मोजल्यावाचून शिल्लक मान्य होत नसे. तीच रीत येथे लावावी. महिन्यातून एकदा मोकळ्या संगणकावर मूळ प्रत आणि त्यानंतरचे सर्व बदल चढवावेत, हिशेबाचा प्रोग्रॅम उघडावा आणि तेरीज काढून त्या दिवसाच्या मूळ तेरजेशी पैशापर्यंत ताडावी. हे काम प्रत घेणाऱ्या माणसाकडे न सोपविता दुसऱ्याकडे द्यावे. तारीख लिहून त्याखाली मालकाने सही करावी.