'सर्वानुमते' या शब्दाआड

औसा तालुक्यातल्या कुणाही जुन्या कार्यकर्त्याला विचारा, गाव एक कसं ठेवायचं? बहुतेकदा उत्तर येईल, "फाटे फोडू नका. वादाचा विषय सभेत काढूच नका." सांगणाऱ्याची तळमळ खरी असते. भावकीची भांडणं तीन-तीन पिढ्या चाललेली त्याने पाहिलेली असतात. पण हा उपाय चुकीचा आहे, आणि ते आपण याच तालुक्यातल्या किल्लारीकडून शिकायला हवं होतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं अंगावर आली. हजारो माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. उरलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये असताना वाद घालत बसायचं का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. माझ्या विरुद्ध बाजूचा हाच सर्वांत बळकट मुद्दा. पण घाईने वाद मिटत नाही. तो सभेतून उठतो आणि घराघरांत जाऊन बसतो.

नव्या घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. कागदावर हिशेब सोपा होता. पण एकत्र वाड्यातल्या तीन भावांत घर कुणाच्या नावे? चूल वेगळी झालेल्या धाकट्याला वेगळं घर का नाही? मजुराने छोट्या घरातच का राहायचं? जुन्या गल्लीत ज्यांची दारं समोरासमोर होती, त्यांनी रुंद सरळ रस्त्यांच्या गावात एकमेकांना हाक कशी मारायची? ही भांडणं क्षुल्लक नव्हती. नवं गाव यांच्यावरच उभं राहणार होतं. ती चावडीवर, सगळ्यांदेखत, पोटभर व्हायला हवी होती. त्यासाठी महिनाभर जास्त शेडमध्ये काढावा लागला असता तरी चाललं असतं, असं मला वाटतं.

याच भूकंपाची दुसरी बाजू पाहा. जी गावं हलली नाहीत, तिथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनीच करून घ्यायचं होतं. तेराशेच्या आसपास गावांत महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. त्यांच्या पाठीशी स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था होती. कधी चावडीची पायरी न चढलेली बाई आता विचारू लागली, भिंतीत आरपार दगड घातला का? हप्ता कुठे अडला? असं तोंडावर विचारलं की कुणीतरी दुखावतोच. पण तक्रार अभियंत्यापर्यंत पोचली आणि तिचं उत्तरही मिळू शकलं. गप्प बसलेल्या गावाला हे कसं साधणार?

आणि आज आपल्या ग्रामसभांची इतिवृत्तं काय सांगतात? पान उलटा, प्रत्येक ठरावाखाली तोच शब्द: सर्वानुमते. गणपूर्तीला मतदारांचे १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी संख्या पुरते. सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला तीही अट नाही. मूठभर लोकांच्या होकाराला गावाचं एकमत म्हणणं ही गावाशी लबाडी आहे. 'बिनविरोध' निवडणुकीचं कौतुक करणाऱ्यांनी २०२१ आठवावं. सरपंचपदाच्या लिलावामुळे राज्य निवडणूक आयोगाला नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. ज्या एकीचा भाव लागतो, तिला मी एकी म्हणणार नाही.

विरोधी मत इतिवृत्तात नावानिशी लिहावं. नियमित ग्रामसभेआधी बायकांची सभा घेणं २००३ पासून कायद्याने बंधनकारक आहे, ती नुसत्या सह्यांवर उरकू नये. नाव लिहिलं की वैर वाढेल, असं कुणी म्हणेल. चारचौघांत बोललेल्या शब्दाला चारचौघांत उत्तर देता येतं. पोटात ठेवलेला शब्द मात्र बांधाच्या वादात आणि पोराच्या लग्नात बाहेर पडतो.

किल्लारीच्या स्मृतिदिनानंतर दोनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, गावोगावी ग्रामसभा भरते. 'सर्वानुमते' लिहिण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्या दिवशी मान वर करून विचारावं, "कुणाची ना आहे का?" आणि मागच्या रांगेतलं कुणी उठेपर्यंत थांबावं.