ऑक्टापॅडवरचा दोस्त

जळगाव-धुळ्यात लग्नाच्या वरातीपुढे जी बँजो पार्टी वाजते, तिला मी बिनदिक्कत इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतो. इथला बँजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज १९१२ साली जपानमधल्या नागोयात घडलेला ताइशोगोतो. आपल्याकडे त्याला पिकअप बसला, अँप्लिफायर मिळाला आणि तो गाडीवर चढून वरात नाचवू लागला. सोबत कीबोर्ड आणि काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ऑक्टापॅड, जो रोलँड कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणला. वाजवणारे पुष्कळदा एकाच गल्लीतले, शाळेपासूनचे दोस्त. बँजोवाल्याने नुसती मान वळवली की पॅडवाला ठेका बदलतो; ही समज तालमीने येत नाही, कितीतरी लग्नसराया एकत्र काढाव्या लागतात. इथल्या अहिराणी बोलीतल्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला तीच कामी येते. आधी संगणकावर ठेका, त्यावर थेट वायरने बँजो, मग कीबोर्डवर पावरीचा सूर. (साक्रीकडच्या आदिवासी पाड्यांत भोपळ्या-बांबूची खरी पावरी वाजवणारे आहेत, त्यांना एकदा तरी माइकसमोर बसवाच.) ‘हाई झुमका वाली पोर’ यूट्यूबवरून अहिराणी न कळणाऱ्यांपर्यंत पोचले, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण अशा गाण्यांत गायक आणि पडद्यावरचे चेहरेच लक्षात राहतात, आणि ठेका रचणाऱ्याचे नाव कित्येकदा कुठेच नसते. गाणे टाकताना बँजो, कीबोर्ड, पॅड कोणाचे, एवढे खाली लिहा. कानबाई देवीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्यांनाही ते कळू द्या.