हुकूम एकाचा नव्हे, नियम प्रत्येकाचा



रात्री वीज येते आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी एका क्षणात सुरू होतात, कारण प्रत्येकाने ऑटोस्विच बसवला आहे. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. फ्यूज उडतो, डीपी जळते. मग ज्वारी पोटरीत आणि कापूस बोंडावर असताना विहिरीत पाणी असूनही पीक वाळते.

यावरचा धडा कोयनानगरला आहे. कोयनेच्या वीजप्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण भारत जोडला गेला आणि देशाचे वीजजाळे एक झाले. त्यातली सारी जनित्रे एका लयीत चालतात, सेकंदाला ५० आवर्तने. एवढ्या यंत्रांना क्षणाक्षणाला हुकूम कोण देणार? कुणीच देऊ शकत नाही. भार वाढला की चढावरच्या बैलांसारखी सर्वांचीच चाल मंदावते. कोयनेच्या जनित्रावरचा गव्हर्नर ती मंदावलेली चाल ओळखतो आणि पाणी थोडे जास्त सोडतो. दूरच्या वीजकेंद्रातही तेच घडते. प्रत्येकजण आपल्या ताकदीच्या प्रमाणात वाटा उचलतो, एकटा कुणी सगळी तूट भरायला धावत नाही. दहा यंत्रे असोत की हजार, नियम तोच. वरचे भार प्रेषण केंद्र मागाहून सावकाश घडी बसवते.

हे प्रमाण सुटले की काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी दिसले. एक भारावलेली वाहिनी सुटली, तिचा बोजा शेजारणींवर पडला, त्याही सुटल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला. आपल्या डीपीवर रोज रात्री तेच लहान प्रमाणात घडते.

शेतकरी ऑटोस्विच हौसेने लावत नाही. साप-विंचवाच्या रात्री बांधावर जाणे नको, म्हणून लावतो. तेव्हा दिवसा सलग आठ तास वीज आणि भाराला पुरेल अशी डीपी, ही मागणी आम्ही सोडणार नाही.

पण अर्धे काम आपल्या हातात आहे. एका डीपीवरच्या सर्वांनी एकत्र बसावे. ऑटोस्विच काढावेत, निदान प्रत्येक मोटार काही मिनिटांच्या अंतराने सुरू होईल असे टायमर लावावेत. प्रत्येक मोटारीला कॅपॅसिटर बसवावा. भार जास्त असेल तर पाळी ठरवावी. यासाठी मुंबईहून साहेब यायची गरज नाही.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या डीपीवरच्या मोटारींची संख्या आणि अश्वशक्ती लिहून आणा. हिशेब हातात असला, तरच मागणीला वजन येते.