डोळे मिचकावा म्हणे!

मी पुसेगावचा, सेनगाव तालुक्यातला. जन्मापासून दिसत नाही. मागे एका केंद्रावर खात्याची केवायसी करायला गेलो. मोबाइल म्हणाला, ‘डोळे मिचकावा.’ मिचकावले. ‘चेहरा चौकटीत आणा.’ आता चौकट कुठंय, ते मला कोण सांगणार? चौथ्या वेळी केंद्रवाला वैतागला, ‘भाऊ, घरच्या कुणाला तरी घेऊन या.’

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. न दिसण्याची सवय झाली, या वाक्याची होत नाही.

गावात मदतीला तोटा नाही. रस्ता ओलांडायचा म्हटलं की चार हात पुढे येतात. पण माझा एटीएमचा पिन भावाला पाठ आहे. टॉकबॅक लावला की फोन मला सगळं वाचून दाखवतो. फक्त ॲप बनवणाऱ्यानं बटणाला नाव दिलेलं असावं लागतं. नसेल तर तो नुसता ‘बटण, बटण’ करत बसतो. मग शेजारच्या पोराला हाक मारायची. मतदान यंत्रावर ब्रेल आकडे आहेत, म्हणून माझं मत गुप्त राहतं. खात्यातली शिल्लक मात्र अख्ख्या आळीला ठाऊक!

जागतिक आरोग्य संघटनेनं जीवनमान मोजायला १०० प्रश्नांची प्रश्नावली केली, तिच्यात स्वावलंबनाचा वेगळा विभाग आहे. आपल्याकडे काठी आणि गॉगल वाटून फोटो काढले की विषय संपतो.

‘मिचकावणं सुरक्षेसाठी असतं,’ असं सांगतात. फसवणूक टाळायची म्हणून माझा पिन दुसऱ्याच्या हाती द्यायला लावता, ही कसली सुरक्षा?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं याच प्रश्नावर निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेले लोक आणि एक दृष्टिबाधित नागरिक यांच्या त्या याचिका होत्या. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, मिचकावण्याला दुसरे पर्याय द्या, असं न्यायालयानं बजावलं. म्हणजे मी काही उपकार मागत नाहीये.

तुमच्यापैकी कुणी ॲप बनवत असेल, कुणी बँकेत असेल. आज रात्री टॉकबॅक चालू करा, डोळ्यांना रुमाल बांधा आणि कुणालातरी शंभर रुपये पाठवून बघा. जिथं अडाल, तिथं मी रोज अडतो. उद्या ऑफिसात गेलात की आधी तेवढं दुरुस्त करा. पुढच्या केवायसीला मला एकट्यानं जायचंय.